जुन्या गाडीला चौथा गिअर हवाच का?

डाव्या पायाची किंमत कळते ती ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर. बंगळुरूचा सिल्क बोर्ड चौक असो की पुण्याचा हिंजवडी रस्ता, तासभर क्लच दाबून-सोडून पोटरीत गोळे आले की माणूस मनाशी ठरवतो, ‘पुढची गाडी बिनक्लचची!’ २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत स्वस्तातली एएमटी आली आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द रुळला.

अमेरिकेत मात्र हा शब्द चांगलाच म्हातारा आहे. जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स जाहीर केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो बसू लागला. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स हलक्या रणगाड्यांतही गेला. युद्ध संपलं, सैनिक घरी परतले आणि पुढच्या वीस वर्षांत अमेरिकन माणूस क्लच नावाची वस्तू जवळपास विसरूनच गेला.

त्या काळातल्या गाड्या आजही तिथे रस्त्यावर दिसतात, आणि त्या फक्त रविवारच्या रॅलीत नव्हे! कुणी त्यातून ऑफिसला जातं, कुणी मुलांना शाळेत सोडतं. आपल्याकडे हे सहसा जमत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण अशी नोंदलेली गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तिथे मात्र जुनी गाडी रोज चालवायची हौस अनेकांना असते. आणि ही हौस करणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी एक प्रश्न येऊन उभा राहतो: आतला जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठेवायचा की बदलायचा? बदलायचा तर कुठला घालायचा?

वडिलांची शेव्हेल

समजा, कॅलिफोर्नियात एक शाळामास्तरीण आहे. वडील गेल्यावर त्यांची १९६७ सालची शेवरोले शेव्हेल तिच्याकडे आली. ४.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा आणि आत दोनच गिअरचा ‘पॉवरग्लाइड’. भाऊ म्हणतो, ‘विकून टाक, चांगले पैसे येतील.’ तिला ती विकायची नाही. घर ते शाळा पस्तीस किलोमीटर, त्यातला अर्धा भाग चढउताराचा गावरस्ता आणि अर्धा महामार्ग. ती ठरवते, रोज याच गाडीने जायचं.

पहिल्याच महिन्यात लक्षात येतं की गाडी सिग्नलवरून उठताना जड वाटते. चढावर तर मागचे लोक हॉर्न वाजवतात. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. शेजारी म्हणतो, ‘चार गिअरचा घाल, ओव्हरड्राइव्हवाला.’ मेकॅनिक म्हणतो, ‘टर्बो ४०० घाल, हत्ती आहे हत्ती!’ दूरचा चुलतभाऊ म्हणतो, ‘मूळ गाडीला हात लावशील तर खबरदार.’ सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्यांतला एकही तिच्या रस्त्यावरून गाडी चालवत नाही. घोटाळा तिथेच आहे.

या निर्णयात केवळ हौस नाही. अशा कित्येक गाड्यांचं असं होतं की मोठ्या कामासाठी गॅरेजमध्ये शिरल्या, पैसे संपले, पोट उघडं राहिलं आणि दोन वर्षांनी कुणीतरी त्या कवडीमोलाने उचलून नेल्या. चुकीची निवड झाली तर वडिलांची गाडी अशीच हातची जाणार. म्हणून आधी नीट समजून घ्यायला हवं की हे यंत्र करतं तरी काय.

तेलाच्या जोरावर

आपली एएमटी म्हणजे खरं तर नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी मोटर करते, एवढंच. जुन्या अमेरिकन ऑटोमॅटिकची जात वेगळी. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवले आणि एकच चालू केला तरी त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. हवेऐवजी तेल भरा आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, की झाला ‘टॉर्क कन्व्हर्टर’. त्यात तेलाला दिशा देणारं आणखी एक चक्र असतं. त्यामुळे गाडी उठताना इंजिनाचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढतो. त्यामागे एकात एक बसवलेली दातेरी चाकं असतात. त्यांतलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं हे तेलाच्या दाबावर चालणारे छोटे क्लच आणि पट्टे ठरवतात.

म्हणजे सगळा खेळ तेलाचा. दाब बरोबर असला तर गिअरबॉक्स वर्षानुवर्षं चालतो. दाब कमी पडला की आतले क्लच घसरू लागतात, घसरले की तापतात आणि तापले की जळतात. उष्णता हाच या यंत्राचा पहिल्या नंबरचा शत्रू.

आता दुकानात काय काय मिळतं ते पाहू. शेवरोलेचा पॉवरग्लाइड १९५० साली आला आणि १९७३ पर्यंत गाड्यांत बसत राहिला. दोनच गिअर, त्यामुळे भाग कमी आणि दणकटपणा भरपूर. पहिल्या गिअरचं प्रमाण इंजिनानुसार १.७६ किंवा १.८२, दुसऱ्याचं सरळ १. दोष एकच, दोन पायऱ्यांच्या मध्ये काहीच नाही. ‘लो’मध्ये इंजिन किंचाळतं, ‘हाय’मध्ये धापा टाकतं.

१९६४ साली ‘टर्बो हायड्रामॅटिक ४००’ आला. तीन गिअर: २.४८, १.४८ आणि १. मोठ्या, जड गाड्यांसाठी केलेला हा गडी इतका भरवशाचा निघाला की रोल्स-रॉइसने तो आपल्या सिल्व्हर शॅडोत घातला, जग्वारने बारा सिलिंडरच्या गाडीत घातला आणि १९७६ साली फेरारीनेसुद्धा ‘४०० ऑटोमॅटिक’साठी तोच निवडला! मेकॅनिक त्याला हत्ती म्हणतो ते उगीच नाही. पण हत्ती पोसायलाही लागतो. तो वजनाने जड आहे आणि स्वतःला फिरवण्यातच इंजिनाची जास्त ताकद खातो. छोट्या इंजिनाला तो शोभत नाही.

त्याचा धाकटा भाऊ ‘टर्बो ३५०’ १९६९ साली आला. प्रमाणं २.५२, १.५२ आणि १. मध्यम गाड्यांसाठी केलेला, पुढची पंधराएक वर्षं लाखोंनी बनलेला. त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात आणि उघडायला कुठलाही जुना मेकॅनिक घाबरत नाही.

मग दिवस बदलले. १९७३ चं तेलसंकट आलं. १९७४ पासून अमेरिकेत महामार्गावर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर काढायची सक्ती कारखान्यांवर आली आणि चौथा गिअर जन्माला आला. या गिअरमध्ये इंजिनाच्या एका फेऱ्यात जॉइंट शाफ्टचा एकाहून जास्त फेरा होतो, म्हणून तो ‘ओव्हरड्राइव्ह’. जनरल मोटर्सचा ‘२००-४आर’ १९८१ मध्ये आणि ‘७००-आर४’ १९८२ मध्ये आला. पहिल्याची प्रमाणं २.७४, १.५७, १ आणि ०.६७, दुसऱ्याची ३.०६, १.६३, १ आणि ०.७०. दोन्हींत कन्व्हर्टर कुलूपबंद करायची सोय आहे, म्हणजे महामार्गावर तेलातली घसरण थांबते.

फोर्ड किंवा क्राइसलर बाळगणाऱ्यांचीही यादी अशीच. क्राइसलरचा तीन गिअरचा ‘टॉर्कफ्लाइट’ १९५६ चा; सुरुवातीची काही वर्षं तो चक्क बटणं दाबून चालायचा! फोर्डचा ‘सी-४’ १९६४ चा आणि चार गिअरचा ‘एओडी’ १९८० चा. नावं बदलतात, हिशेब तोच राहतो.

आधी मागचा हिशेब

कागदावर चार गिअरचेच भारी दिसतात. मग निवड सोपी नाही का? नाही. कारण गिअरबॉक्स एकटा काम करत नाही. त्याच्या मागे जॉइंट शाफ्ट आणि शेवटी क्राउन-पिनियन असतं. चाकांना मिळणारा जोर आणि इंजिनाचे फेरे या दोघांच्या गुणाकारावर ठरतात. पण गंमत अशी की गिअरबॉक्सवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या लोकांना स्वतःच्या गाडीच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण अनेकदा ठाऊकच नसतं.

ते घरी मोजता येतं. गाडी सपाट जागी उभी करायची, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावायच्या, एक मागचं चाक उचलून स्टँडवर घ्यायचं (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये) आणि गिअर न्यूट्रलला ठेवायचा. दुसरं मागचं चाक जमिनीवर घट्ट हवं. आता उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि दुसऱ्या माणसाने जॉइंट शाफ्टचे फेरे मोजायचे. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत जो आकडा येईल तेच प्रमाण.

आपल्या मास्तरणीच्या गाडीत शाफ्ट तीन फेरे आणि वर जेमतेम चिमूटभर फिरला. म्हणजे प्रमाण ३.०८. या एका आकड्याने अर्ध्याहून अधिक वाद मिटतो.

कसा ते पाहा. टायरची उंची २६ इंच धरू आणि वेग ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच महामार्गांवर हीच मर्यादा असते. सरळ १ प्रमाणाच्या वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण २,६०० फेरे करेल. हे काही ओरडणं नव्हे. ओव्हरड्राइव्ह घातला तर फेरे १,८०० च्या आसपास येतील. सपाटीवर ते चालून जाईल, पेट्रोलही थोडं वाचेल. पण जरा चढ लागला की गिअरबॉक्स चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून पुन्हा चौथ्यात अशी ये-जा करत राहील. तिचा रस्ता तर चढउतारांचाच.

हेच प्रमाण ३.५५ असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा ६५ मैलांना इंजिन सुमारे ३,००० फेरे करतं. रोज त्या आवाजात बसणं शिक्षाच. तिथे ओव्हरड्राइव्ह फेरे २,१०० पर्यंत खाली आणतो आणि त्याचा खर्च सत्कारणी लागतो. उलट प्रमाण २.७३ असेल तर साध्या तीन गिअरमध्येही २,३०० फेरेच होतात. अशा गाडीला चौथा गिअर म्हणजे पोटभर जेवलेल्याला आग्रहाचा लाडू.

आता गाडी उठण्याचा हिशेब. पॉवरग्लाइडमध्ये पहिला गिअर आणि क्राउन-पिनियन मिळून इंजिनाचा जोर साधारण साडेपाचपट होतो. टर्बो ३५० घातला तर पावणेआठपट. २००-४आर घातला तर जवळजवळ साडेआठपट आणि ७००-आर४ घातला तर साडेनऊच्या जवळ. दोनाचे तीन गिअर झाले की मोठी उडी तिथेच मिळते. त्यापुढची वाढ मिळते, पण तिच्यासोबत दुसरी बिलं येतात.

लपलेली बिलं

ही बिलं कोणती? टर्बो ३५० आखूड शेपटीचा घेतला तर लांबीला पॉवरग्लाइडइतकाच भरतो. जॉइंट शाफ्ट तोच चालतो, खालचा आडवा आधार जागचा हलवावा लागत नाही. बदलायचं ते मुख्यतः दांड्याची जोडणी, खुणांची पट्टी आणि किकडाउनची केबल. जुन्या पट्टीवर पाच खुणा होत्या, आता सहा लागतात. ७००-आर४ सुमारे तीन इंच लांब, म्हणजे शाफ्ट कापून आखूड करायचा आणि आधार सरकवायचा. २००-४आर लांबीला बसतो, पण त्याचाही आधार मागे न्यावा लागतो. कन्व्हर्टरचं कुलूप मूळ गाडीत कॉम्प्युटरच्या हुकमाने लागायचं. जुन्या गाडीत त्यासाठी वेगळं वायरिंग करावं लागतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे केबल. टर्बो ३५० मधली केबल ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकण्यापुरती असते. ती तुटली तर तेवढं एक काम बंद पडतं, गाडी घरी येते. चार गिअरच्या या दोन्ही गिअरबॉक्समधली केबल मात्र आतल्या तेलाचा दाबच ठरवते. जुन्या कार्ब्युरेटरला ती अंदाजाने बांधली आणि ढिली राहिली तर दाब पडतो आणि नवाकोरा ओव्हरहॉल केलेला गिअरबॉक्सही थोड्याच अंतरात जळून बसतो. ७००-आर४ ला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. सुरुवातीच्या वर्षांतल्या नगांत काही भाग खरंच नाजूक होते आणि १९८७ पर्यंत कंपनीने ते बरेच सुधारले. पण कित्येकदा दोष गिअरबॉक्सचा नसतो, केबल बांधणाऱ्याचा असतो.

मूळ पॉवरग्लाइडच ठेवला तर? हाही मार्ग वाईट नाही. महामार्गावर पॉवरग्लाइड आणि टर्बो ३५० अगदी सारखे, कारण दोघांचाही वरचा गिअर १. ज्याची तक्रार फक्त महामार्गावरच्या आवाजाची आहे त्याने दोनाचे तीन करून काहीच पदरात पडणार नाही. म्हणून निवडीपूर्वी आठवडाभर एक वही गाडीत ठेवावी आणि गाडी जिथे जिथे अडते तिथे एक ओळ लिहावी. मास्तरणीच्या वहीत बहुतेक ओळी सिग्नल आणि चढाच्या निघाल्या, दोन-तीन महामार्गावर शिरतानाच्या. आवाजाबद्दल एकच ओळ होती, आणि त्या दिवशी खिडकी उघडी होती!

तिचं उत्तर मग आपोआप समोर आलं. मध्यम इंजिन, ३.०८ चं क्राउन-पिनियन, चढाचा रस्ता आणि बेताचं बजेट. टर्बो ३५०. चौथा गिअर नको, हत्तीही नको. वाचलेल्या पैशांतून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, कारण तिच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि आता ती गाडी रोजच्या गर्दीत थांबवायची आहे. शिवाय गिअरबॉक्सच्या तेलासाठी रेडिएटरपुढे छोटा जादा कूलर.

जुना पॉवरग्लाइड तिने विकू नये. तेल भरून, तोंडं बंद करून, चिठ्ठी लावून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवावा. गाडीचा पत्रा कुठेच कापलेला नसल्याने उद्या कुणाला गाडी जशीच्या तशी करायची झाली तर दोन दिवसांचं काम. चुलतभावाचंही समाधान होईल.

विकत घेताना

जुना ऑटोमॅटिक घेताना काही गोष्टी नाकाने आणि हाताने कळतात. आपल्याकडे सेकंडहँड ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनाही यातल्या बऱ्याच कामी येतील. तेल पाहता येत असेल तर आधी वास घ्यावा. चांगलं तेल लालसर आणि स्वच्छ असतं. काळपट, जळका वास येणारं तेल म्हणजे आतले क्लच जळाल्याची खूण. इंजिन गरम असताना, पाय ब्रेकवर ठेवून न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये घालावं. सेकंदाच्या आसपास हलकासा ओढा जाणवायला हवा. गाडी विचार करत बसली तर काहीतरी बिनसलं आहे. तळाची बशी उघडली तर करडा, बारीक गाळ चालतो. धातूचे कण दिसले तर पुढचा गिऱ्हाईक व्हायचं नाही. आणि टर्बो ३५० किंवा ४०० च्या गाडीतून पांढरा धूर येत असेल आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत असेल तर घाबरून मोठं काम काढू नये. व्हॅक्यूमवर चालणारा ‘मॉड्युलेटर’ नावाचा छोटा डबा फुटला की इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळतं. तो डबा स्वस्त आहे. एवढ्याशा डब्यापायी पूर्ण गिअरबॉक्स उतरवून घेतलेले लोकही असतात.

अमेरिकन गाड्यांशी मुंबईचं नातं जुनं आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. त्या गाड्या आज क्वचित एखाद्या रॅलीत दिसतात. रोज धावणारी जुनी गाडी आपल्या नशिबी नसली तरी गाडी निवडायचा प्रसंग प्रत्येक घरात येतो, आणि तेव्हाही शेजारी, मेकॅनिक आणि चुलतभाऊ हजर असतातच. त्यांचं ऐकावं, चहा पाजावा. निवड मात्र आपल्या वहीतल्या ओळी पाहूनच करावी, कारण त्या रस्त्यावर रोज आपल्यालाच जायचं असतं.